पाचवं रीळ

"ऑपरेटर, आज वर जायचं नाही. आज तुम्ही पाहुणे," म्हणत अध्यक्षबाईंनी त्याला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं.

फिल्म क्लबचं जुनं मशीन मोडीत निघालं होतं आणि त्याच्याबरोबर ऑपरेटरही. सव्वीस वर्षं दर रविवारी त्याने वरच्या खोलीतून परदेशी सिनेमे दाखवले. पडद्याच्या तळाशी येणारं भाषांतर त्याला धड वाचता येत नसे. झरोक्यातून माणसांचे चेहरे बघायचे आणि समजेल तेवढं समजून घ्यायचं. सिनेमा संपला की प्रत्येकाने आज काय शिकलो ते एका वाक्यात सांगायचं, असा बाईंचा दंडक. त्यातून ऑपरेटरचीही सुटका नव्हती. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला शिकलेल्यांनी काही विचारावं, ही काय थोडी गोष्ट? राग गिळायला आणि आजारी बायकोची उस्तवार न कुरकुरता करायला आपण सिनेमातूनच शिकलो, असं तो सांगे. ते खरंही होतं.

आज निरोपाचा सिनेमा त्यानेच निवडला होता. अकरा वर्षांपूर्वी एकदाच दाखवलेला, बापलेकीचा. आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा त्याने यातून घेतला होता.

मध्यंतरानंतर पडद्यावरची मुलगी बापाला वाट्टेल ते बोलली आणि दार आपटून निघून गेली. ऑपरेटर चुळबुळला. हे इतक्यात कसं आलं? मग म्हातारा टोपी हातात घेऊन तिच्या घराचा जिना चढला. तिने दार उघडलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"बाई, हे उलटं लागलंय," तो कुजबुजला.

"छे हो, डिस्कवर कसलं उलटं? पण मागच्या वेळी क्रम वेगळा होता खरा. दिग्दर्शकाने काळ मोडून टाकलाय म्हणून आपण तासभर चर्चा नव्हती का केली?" बाई हसल्या.

ऑपरेटरला अकरा वर्षांपूर्वीचा तो रविवार आठवला. त्या आठवड्यात त्याच्या मुलीने स्वतःचं लग्न ठरवलं होतं आणि तो तिला म्हणाला होता, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." ती शुक्रवारी घर सोडून गेली. रविवारी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सहाव्या रिळाचा डबा त्याने पाचव्याच्या आधी उघडला. त्याने पाहिलं ते असं, की बाप दारात गेला, गोडीगुलाबी झाली, आणि त्यानंतर पोरगी कडाडली आणि तुटली. सोमवारी तिच्याकडे जायचं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण त्या संध्याकाळी उभा राहून तो म्हणाला, "बापानं मुलीच्या दारी जाऊ नये. गेलं की आणखी बिनसतं. घरी बसून वाट बघावी." शहाण्यासुरत्या माणसांनी टाळ्या वाजवल्या!

पुढच्या वर्षांत थोरल्या बहिणीने किती विनवलं. "अरे, दोन पावलं चाललास तर झिजशील का?"

"आक्का, तुला नाही कळायचं. मी पाहिलंय."

निरोपाच्या सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलीकडे गेला. तीन मजले चढताना दोनदा बसला. मुलीने दार उघडलं. तिच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते.

"बाबा? बरं आहे ना सगळं?"

"हो. सहज आलो." मग एकदम म्हणाला, "माझं चुकलं गं. एक रीळ मागंपुढं झालं होतं."

तिला काही उमगलं नाही. तिने त्याला आत बसवलं, पाणी दिलं. "पहिली दोन-तीन वर्षं जिन्यावर पाऊल वाजलं की मी उठून बघायची," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "नंतर सोडून दिलं. बाबा, मला आता निघायला हवं. ड्यूटी आहे."

"मी येत जाऊ का अधूनमधून?"

"कशाला उगाच? जिना झेपत नाही तुम्हाला."

तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं. उतरताना तिने त्याचा दंड धरला आणि पायरी-पायरीवर त्याच्यासाठी थांबली. हॉस्पिटलात म्हाताऱ्यांना रोज असंच उतरवायची. खाली आल्यावर तिने हात सोडला.

"जपून जा हं," म्हणाली आणि बस चुकेल म्हणून भरभर निघून गेली.

तो बराच वेळ फाटकाशी उभा होता. त्याचा दंड अजून गरम होता.