वायरला हात लावायचा नाही

ज्ञान माणसाला निर्भय करते. हे वाक्य विभागाच्या दारावर पितळी अक्षरांत लावलेलं आहे, आणि त्याच दारातून आठ वर्षांपूर्वी आत शिरलेली गोगलताई सध्या प्रोजेक्टरच्या वायरला घाबरत होती.

गोगलताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती गोगलगायीच्या चिकट स्रावावर पीएचडी करते, म्हणून ज्युनियर मुलांनी ते ठेवलेलं. आठ वर्षांत तिचे तीन शोधनिबंध छापून आले, चष्म्याचा नंबर चारदा वाढला आणि सहायक प्राध्यापकपदाच्या पाच मुलाखती होऊन गेल्या. सहावी गुरुवारी होती. जागा एक, उमेदवार बावीस. शिष्यवृत्ती महिनाअखेर संपत होती आणि पुढच्या वाढदिवसाला वयोमर्यादाही. त्यामुळे ‘यंदा नाही तर पुढल्या वर्षी’ असं म्हणायची जी एक जुनी सोय असते, ती या खेपेला उरली नव्हती.

गाईडसरांनी तिच्या पाचही पराभवांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. निष्कर्ष तीन शब्दांचा निघाला.

"तू वायर जोडतेस."

ते खरंच होतं. आठ वर्षं विभागातल्या प्रत्येक व्याख्यानाला प्रोजेक्टर तिनेच सुरू केला होता. शिपायाला ते जमत नव्हतं, आणि प्राध्यापकांना जमत असलं तरी शोभत नव्हतं. सवय अशी हाडीमासी खिळली होती, की पडदा निळा पडला की तिची कंबर आपोआप वाकायची. पाचही ठिकाणी ती आधी टेबलाखाली गेली होती आणि मग समितीसमोर उभी राहिली होती.

"जो वायर जोडतो त्याला लोक धन्यवाद देतात," सर म्हणाले. "नोकरी दुसऱ्याला देतात. खोटं वाटत असेल तर ह्याला विचार."

‘ह्याला’ म्हणजे आजोबांना. आजोबांचं पीएचडीचं चौदावं वर्ष चालू होतं आणि केसांनी त्याची योग्य ती नोंद घेतली होती. एका मुलाखतीत त्यांनीही प्रोजेक्टर दुरुस्त करून दिला होता. महिन्याभराने त्या कॉलेजचं पत्र आलं: तंत्रसहायकाच्या जागेसाठी आपण जरूर अर्ज करावा. ते पत्र आजोबांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. कागद चांगल्या प्रतीचा होता, असं ते सांगत.

सोमवारपासून प्रयोगशाळेत तालमी सुरू झाल्या. सर अध्यक्ष, आजोबा विषयतज्ज्ञ, आणि बाटल्या धुणारे मामा हे समितीतले उरलेले तीन सदस्य. एक्केचाळीस संभाव्य प्रश्न आणि त्यांची उत्तरं घोटून झाली, पण मुख्य अभ्यास वेगळाच होता. तिचं आठ मिनिटांचं व्याख्यान रंगात आलं की आजोबा टेबलाखाली पायाने वायर ओढायचे. सोमवारी ती प्रत्येक वेळी वाकली. "गेली नोकरी," सर शांतपणे म्हणायचे आणि मामा वहीत फुली मारायचे. मंगळवारी ती अर्धीच वाकली. बुधवारी पडदा निळा पडला तेव्हा तिने हात पाठीमागे घट्ट धरले, छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "समितीच्या सोयीने सुरू करू या."

सरांनी चष्मा पुसला.

"झालीस गं प्राध्यापक," आजोबा म्हणाले.

घरी फोन केला तेव्हा आईने विचारलं की असतात तरी कसले प्रश्न. उदाहरणादाखल तिने सांगितलं: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? आई म्हणाली, "पाच वर्षांपूर्वी मला जे सांगितलं होतंस, तेच सांग. ते अजून तसंच कोरं आहे."

गुरुवारी तिचा नंबर सहावा होता. लांबलचक टेबल, पाच सदस्य, थंड झालेला चहा, एका सदस्यासमोर आठ मिनिटं संपल्याची घंटी. दुसऱ्या चित्रावर पडदा निळा पडला. तिने हात पाठीमागे धरले आणि समितीच्या सोयीचं वाक्य म्हटलं. समितीला सोय नव्हती. एका तज्ज्ञाने रिमोट दाबला, त्याने एसी बंद झाला. चित्राविना पुढे बोलायला तिने तोंड उघडलं, तर अध्यक्षांनी हात वर केला: थांबा, गोगलगाय दिसू द्या. शिपायाला बोलावणं गेलं. तो जेवायला गेला होता.

चौथ्या मिनिटाला साठी उलटलेले अध्यक्ष स्वतः टेबलाखाली शिरले. त्यांचे गुडघे वाजलेले सर्वांनी ऐकले. ती उभी होती तिथून तिला सगळं दिसत होतं: वायर बोटभर सैल झाली होती, आणि अध्यक्ष भलत्याच वायरशी झटत होते. तिला सर आठवत होते, मामांच्या फुल्या आठवत होत्या, काचेखालचं पत्र आठवत होतं. सहाव्या मिनिटाला खालून अध्यक्षांचा कण्हण्याचा आवाज आला.

पुढे विभागात तिने एवढंच सांगितलं की मी नाही वाकले, कंबर वाकली.

पडद्यावर गोगलगाय भिंतीएवढी उमटली. पाचही सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. आठ वर्षांत तिच्या गोगलगायीला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या. त्या थांबतात न थांबतात तोच घंटी वाजली.

अध्यक्षांनी कोटाची धूळ झटकली, खुर्चीत बसले आणि तिची फाईल पहिल्यांदाच उघडली. बराच वेळ पाहत राहिले. चेहऱ्यावर खरीखुरी आपुलकी होती.

"एक विचारू का?"

ती ताठ झाली. एक्केचाळीस उत्तरं ओळीने उभी राहिली. पाच वर्षांचं तर अगदी जिभेवर.

"बाहेर अजून सोळा जण आहेत," अध्यक्ष म्हणाले. "संध्याकाळपर्यंत जरा थांबाल का?"