फुल्या खोडलेला अंक

मित्रांनो, मी मासिकाचा एक जुना अंक आहे. मला सहानुभूती नको. मला किळस आली आहे, आणि ती कशाची आली, तेवढे सांगायचे आहे.

माझे नाव ‘रणकक्षा’, अंक नववा. अंतराळातली जहाजे एकमेकांवर तोफा डागतात, असे खेळ छापणारे आमचे मासिक. संपादक गणिताचे शिक्षक होते. हँडबिले छापणाऱ्या छापखान्यात, यंत्र रिकामे असेल त्या दिवशी आम्ही छापले जायचो. माझ्या मधल्या पानांवर षटकोनी घरांचा नकाशा होता, जाड पुठ्ठ्यावर कापून काढायची अठ्ठेचाळीस जहाजे होती आणि शेवटी मोठ्या जहाजांचे तक्ते. तक्त्यात लहान लहान चौकोन. जहाजाला गोळा लागला की एका चौकोनावर फुली मारायची. सगळे चौकोन भरले की जहाज बुडाले.

पिना मारणारा बांधणीवाला म्हणाला, “मास्तर, हे वाचायचं की कातरायचं?”

“दोन्ही,” मास्तर म्हणाले. “नुसतं वाचलंत तर निम्मंच वाचलंत.”

मला एका सुताराने घेतले. माणूस कामाला चोख, सवयींनी गलिच्छ. अंगठ्याला थुंकी लावून तो पान उलटायचा. त्याच्या बोटांना सरस लागलेला असायचा, त्यात माझी अकरा आणि बारा ही पाने एकमेकांना चिकटली ती कायमची. नकाशावरच्या एका निरुपद्रवी ग्रहावर तो चहाचा कप ठेवायचा. त्या ग्रहाला तेव्हापासून दोन कडी आहेत. पहिली काही वर्षे मला वाटायचे, याहून घाण वागणूक असू शकत नाही. मी चुकलो होतो.

रविवारी भुसा झाडून कामाच्या टेबलावर मला उघडत. समोर त्याची मुलगी बसायची. तो तिला ‘कॅप्टन’ म्हणायचा. बारा वर्षे ते दोघे खेळले आणि बारा वर्षे कॅप्टन जिंकली.

“बाबा, तुम्ही जहाज फार उशिरा वळवता.”

“लाकडात आयुष्य गेलं गं. आमच्यात घाईनं वळवलं की तडकतं.”

आपापल्या जहाजांच्या फुल्या ज्याच्या त्याने मारायच्या, हा त्यांचा नियम. त्याची पेन्सिल सुताराची, हात जड. तिच्या फुल्या इतक्या हलक्या की फुंकर मारली तर उडतील.

मग एका लढाईत चमत्कार झाला. चौदाव्या डावाला सुतार पुढे होता. कॅप्टनच्या मुख्य जहाजाच्या दहा चौकोनांपैकी सातांवर फुल्या पडल्या होत्या. नेमकी त्याच आठवड्यात तिला दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात परिचारिकेची नोकरी लागली. सुताराने नकाशाच्या कडेला सगळ्या जहाजांच्या जागा लिहून ठेवल्या. पुढचे अख्खे वर्ष तो रोज संध्याकाळी मला उघडायचा, त्या सात फुल्या बघायचा आणि मिटायचा. खेळत नव्हता. नुसता बघायचा.

अशात कॅप्टनचा मामा आला. हा दातांचा डॉक्टर. माझ्यासारख्या मासिकांचा त्याला शौक, पण त्याच्या संग्रहातल्या एकाही अंकातले जहाज कधी कापलेले नाही. सगळे प्लास्टिकमध्ये, सगळे गुदमरलेले. त्याने मला दोन बोटांत धरले.

“भावोजी, काय ही अवस्था! शेळीनं चघळल्यासारखा झालाय. द्या इकडे, आठ दिवसांत नवाकोरा करून देतो.”

सुताराला वाटले, तो सैल झालेल्या पिना बदलेल. त्याने मला दिले.

मित्रांनो, रबराचे हातमोजे घातलेला हात कधी तुमच्या अंगावरून फिरला आहे का? पावडरीचा तो वास, तो बुळबुळीत स्पर्श. तोंडाला पट्टी बांधून, दाताची कीड शोधावी तसा तो माझ्यावर वाकला. आधी मऊ ब्रश, मग खोडरबर. दोन संध्याकाळी तो घासत होता, मध्येच मला नाकाशी नेऊन वास घेत होता आणि स्वतःवरच खूश होत होता. थुंकी मी सोसली, सरस सोसला. हे मात्र ओकारी आणणारे होते.

चकचकीत पिशवीत घालून त्याने मला परत केले. सुताराने शेवटची पाने उघडली आणि तो स्टुलावर बसला. मेहुण्याला तो “छान केलंत,” एवढेच म्हणाला.

पुढच्या महिन्यात कॅप्टन सुटीवर आली. तिने पाने पाहिली.

“हे कुणी केलं?”

“तुझ्या मामानं. प्रेमानं केलंय, बोलू नकोस त्याला.”

तिने मला खिडकीशी तिरपे धरले. सुताराच्या जड हाताचे वळ कागदात उतरले होते. जहाजांच्या जागा वाचता आल्या, त्याच्या जहाजांच्या फुल्याही दिसल्या. तिच्या मात्र एकही नाही.

“झालं तर,” सुतार म्हणाला. “तुझी जहाजं ठणठणीत, माझी मोडकी. जिंकलीस तू. चहा टाकतो.”

“बसा खाली! मरायला टेकलं होतं माझं जहाज.” तिने पेन्सिल घेतली आणि मुख्य जहाजावर नऊ फुल्या मारल्या.

सुतार जागचा हलला नाही. “नऊ नाहीत. सात होत्या.”

“नऊ होत्या, बाबा.”

“वर्षभर मी बघितल्यात. सात.”

दोघांनाही ठाऊक होते की तो खरे बोलतो आहे. मलाही ठाऊक होते, पण मला विचारतो कोण? शेवटी तिने दोन फुल्यांभोवती गोल केला: या धरायच्या नाहीत. मग पंधरावा डाव झाला. सुताराचे दोन गोळे लागले. फुल्या नऊ झाल्या, एक चौकोन उरला. त्या एका चौकोनाच्या जिवावर तिचे जहाज मागे वळले आणि सुताराची तोफ उशिरा वळली.

तो हरला.

“म्हणत होते ना, नऊ म्हणून,” कॅप्टन हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“नव्हत्या ना पण,” सुतार म्हणाला आणि फासे डबीत टाकू लागला.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, पण पुसत सुटू नका. हातात घ्याल तेव्हा तिच्यावरचा मळ कोणता आणि मजकूर कोणता, हे ज्याची आहे त्याला आधी विचारा.