ठणठणीत ओळ

माझी शीट बिघडली की घरात कुणी माझ्या वाटेला जात नाही. जावईबापू तर दारातूनच अंदाज घेतात. आतून "मेले कुठले!" असा आवाज आला, की शिव्या वेबसाइटवाल्यांना चालल्यात हे त्यांना बरोबर कळतं. मग काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवून ते गुपचूप फिरायला जातात.

जन्मभर शाळेत गणित शिकवलं मी. पोरं मला घाबरायची, हेडमास्तरही थोडे घाबरायचे. निवृत्त झाल्यावर रिकामं बसवेना, म्हणून कॉम्प्युटरवर ही शीट बांधायला घेतली. वेबसाइटवरून शेअर्सचे आणि ऑप्शन्सचे भाव ती आपोआप उचलून आणते आणि माझ्यासमोर ओळीने मांडते. पण वेबसाइटवाल्यांना अधूनमधून आपलं पान नव्याने सजवायची हुक्की येते. काल भाव डावीकडे होता, आज उजवीकडे. बिचाऱ्या शीटला काही सापडत नाही आणि ती सगळ्या चौकटींत चुकीच्या खुणा मारून मोकळी होते. मग मी बसते तिची समजूत काढत.

शीटमधली पहिली ओळ आमच्या ह्यांची. पंपांच्या कारखान्यात ह्यांनी सगळी नोकरी काढली आणि पगारातून थोडं थोडं बाजूला टाकून त्याच कारखान्याचे शेअर्स घेतले. मी कुरकुर करायचे, की त्यापेक्षा घराला रंग काढा. हे नुसते हसायचे. ते गेल्यावर हे शेअर्स माझ्या नावावर आले आणि मी मनाशी ठरवलं, काहीही होवो, हे विकायचे नाहीत.

पण नुसते ठेवून तरी काय करायचं? म्हणून मी त्यांच्यावर ऑप्शन विकायला लागले. गोष्ट सोपी आहे. समोरच्याला सांगायचं, की महिनाअखेरीला भाव चारशे तीसच्या वर असेल, तर तू माझे शेअर्स चारशे तीसला घेऊन जा. या कबुलीचे तो मला थोडे पैसे आधीच देतो. भाव चढायला लागला की मी ती कबुली परत विकत घेते, आणि शेअर्स घरचे घरीच राहतात. फक्त भाव चढतोय हे वेळेवर कळायला हवं. नाही कळलं, तर ह्यांचे शेअर्स गेले.

एकुलती एक लेक माझी. लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून भिंगरी नाव पडलं ते पडलंच. ती आणि जावई माझ्याकडेच राहतात. मधे मी आजारी पडले होते, तेव्हापासून शीटचा पासवर्ड तिच्याकडेही आहे. ती माझ्यावर सारखी चिडायची. "आई, तू बाबांच्या शेअर्सना राखण बसल्यासारखी बसतेस. जेवताना स्क्रीन, फोनवर बोलताना स्क्रीन. मावशी ये ये म्हणते, तर तुझं आपलं एकच, बाजार चालू आहे."

"चालूच असतो बाजार," मी म्हणायचे. "तुझ्या मावशीसाठी बंद ठेवतील का?"

त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, शीट धाडकन झोपली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसत्या चुकीच्या खुणा. ऐन मोक्याच्या वेळी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंगरी ऑफिसातून आली, पर्स खुंटीला लावली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

"सरक," म्हणाली. "दोघी मिळून करू. ऑप्शन्सच्या ओळी किचकट आहेत, त्या तू बघ. मी बाबांची ओळ करते."

काय सांगू, किती बरं वाटलं मला! एवढी वर्षं ही माझ्या शीटला नावं ठेवत आली, आणि आज स्वतःहून शेजारी येऊन बसली. माझा चहा संपायच्या आत तिने हाक मारली, "झाली बघ!"

चारशे बारा. रिफ्रेश केलं की थोडा वर, थोडा खाली. जिवंत भाव. मी तिच्या पाठीत एक प्रेमाचा धपाटा घातला. "बापाचं डोकं आहे गं तुझं!"

बाकीच्या ओळींनी मात्र नाकी नऊ आणले. साइट आता मधेच एक पान दाखवून विचारायची, तुम्ही माणूस आहात का? "अरे, तुझ्या आजीच्या वयाची बाई आहे मी," असं मी स्क्रीनला ऐकवलं, पण शीटला काही ते उत्तर देता येईना. भिंगरी रोज संध्याकाळी येऊन बसायची. मोडेम बंद करून चालू करायची, माझे फॉर्म्युले वाचायची, "मिळेल गं आई, शोधू," म्हणायची. माझे डोळे लाल झाले की, "बस आता, उद्या बघू," म्हणून स्क्रीन मिटायची. बाजारभाव बघायला मी साइट उघडत होते, नाही असं नाही, पण बाकीच्या शेअर्सची पानं. ह्यांची ओळ ठणठणीत, चारशे बारावर. तिथे कशाला बघायचं?

अशा शीट वापरणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. तिथल्या एका जाणत्या माणसाला सगळे प्लंबर म्हणतात, कारण कुणाचीही तुंबलेली शीट तो मोकळी करून देतो. गुरुवारी मी त्याला कळवलं, की एक ओळ सोडून सगळं बंद आहे. त्याचं उत्तर आलं, "ताई, सगळं बंद असताना एकच ओळ चालत असेल, तर आधी तीच तपासा."

मी लिहिलं, "ती माझ्या मुलीने केली आहे. तुम्ही बिघडलेल्याचं बोला."

शुक्रवारी महिन्याचा हिशेब मिटला. शनिवारी सकाळी ब्रोकरचा निरोप आला, की तुमचे शेअर्स चारशे तीसला देण्यात आले. सगळे.

मी ताबडतोब फोन लावला. पलीकडच्या मुलाला बोलूच दिलं नाही. "झोपा काढता का रे तुम्ही? चारशे बारा भाव असताना माझे शेअर्स गेलेच कसे?"

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "भाव मंगळवारपासून साडेचारशेच्या वर आहे."

"माझ्यासमोर चारशे बारा दिसतंय! थांब, आत्ता वाचून दाखवते." मी रिफ्रेश केलं. आकडा बदलला, चारशे अकरा पंच्याऐंशी. पुन्हा केलं, तर चारशे बारा तीस. वाचता वाचता मी कोपऱ्यातला वार बघितला. आज शनिवार. बाजार बंद. आणि हा आकडा हलतोय कसा?

फोन ठेवला आणि त्या चौकटीवर क्लिक केलं. आत कुठल्याही साइटचं नाव नव्हतं. चारशे बारा हा हाताने टाइप केलेला आकडा, आणि रिफ्रेश केलं की त्याला आपोआप थोडं वर-खाली हलवायची सोय. नुसता चारशे बारा ठेवला असता तर तासाभरात मला संशय आला असता. माझ्या लेकीला हे माहीत होतं. म्हणून तिने त्याला हलता ठेवला.

भिंगरी केस पुसत बाहेर आली. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने एकदा बघितलं आणि टॉवेल खुर्चीवर ठेवला. नाही म्हणाली नाही ती. खोटं बोलली असती, तर निदान ओरडता आलं असतं मला.

"तू स्वतःहून कधीच विकले नसतेस, आई."

"नसतेच विकले."

"भाव चढणार असं सगळे म्हणत होते. म्हटलं, एकदाचे जाऊ देत. तू त्यांच्यापायी घराबाहेर पडत नाहीस, कुणाशी धड बोलत नाहीस. बाबा गेल्यापासून तू आमच्यात नाहीसच गं. पैसे सगळे तुझ्याच खात्यात आलेत, बघ हवं तर. तुझ्या भल्यासाठीच केलं मी."

"माझं भलं करायचं होतं ना, मग मला विचारायचं होतंस. मेले नाहीये मी अजून."

जावई दारात उभे होते. "तुम्हालाही माहीत होतं?" मी विचारलं. ते चप्पल पायात सरकवायला लागले. म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"आपण परत घेऊ ना," भिंगरी रडवेली होऊन म्हणाली. "सोमवारी बाजार उघडला की लगेच. वरचे पैसे मी घालते."

"मिळतील की. बाजारात पोत्याने पडलेत. पण त्यांतला एकही तुझ्या बापाने घेतलेला नसेल."

मला वाटलं होतं, एवढं बोलून माझा राग निवेल. निवला नाही. शेअर्स गेल्याचं दुःख होतंच, पण खरं डाचत होतं ते वेगळंच.

"शेअर्सचं एक वेळ गिळेन मी," मी म्हणाले. "पण अख्खा आठवडा तू माझ्या शेजारी बसून बिघाड शोधत होतीस. मोडेम बंद-चालू करत होतीस. मिळेल गं आई, म्हणत होतीस. मला केवढं बरं वाटत होतं, माहितीये तुला? केसाने गळा कापलास, भिंगरे."

ती रडायला लागली. एरवी तिच्या डोळ्यांत पाणी आलं की मी सगळं विसरते. त्या दिवशी मी उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर माझी रक्तदाबाची गोळी. आजारपणापासून ही गोळी तीच देते. तिने हात पुढे करायचा आणि मी बोलता बोलता गोळी तोंडात टाकायची, गोळीकडे कधी बघितलंही नाही मी.

"पाकीट आण," मी म्हणाले.

"कसलं पाकीट?"

"या गोळीचं."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा पडला. जाऊन पाकीट घेऊन आली. मी चष्मा लावला, दिव्याखाली धरून नाव वाचलं, तारीख वाचली, आणि हातातली गोळी पाकिटातल्या गोळीला लावून बघितली. ती पेला धरून तशीच उभी होती.

"आई, रोजचीच आहे गं."

"असेल," मी म्हणाले, आणि पाकीट माझ्या उशाशी ठेवून घेतलं.