भिंत कागदावर होती तेव्हा

"नकाशे पूर्ण झाले की पाठवतो," असं आर्किटेक्टने पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा बाईंनी फोन ठेवला आणि सरळ त्याचं ऑफिस गाठलं.

नवी इमारत ठरल्याप्रमाणे चालेल ना, याची मालकाच्या वतीने खातरजमा करणं हा बाईंचा व्यवसाय. या वेळी इमारत होती बाळंतपणाच्या हॉस्पिटलची आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना कमी वीज-पाण्यात चालणाऱ्या, म्हणजे हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं होतं. त्याच्या नियमाप्रमाणे बाईंनी नकाशे अर्धवट असतानाच तपासायचे होते. आर्किटेक्टला वाटत होतं, शेवटी एक सही घेतली की झालं. बाईंच्या सासूबाईंना मात्र हे काम कधीच कळलं होतं. मिठाचं भाजी शिजतानाच बघायचं, ताटात वाढल्यावर नाही, असं त्या शेजारणींना समजावून सांगत.

उशीर काय करतो, हे बाईंनी जवळून पाहिलं होतं. मागे एका हॉस्पिटलने त्यांना नकाशे पक्के झाल्यावर बोलावलं. ऑपरेशन थिएटरला स्वच्छ हवा देणारं यंत्र थिएटरच्याच छतात कोंबलेलं. फिल्टर बदलायचा तर थिएटर बंद. आणि नाही बदलला, तर धूळ साचून यंत्र दुप्पट वीज खाणार. बाईंनी सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, पण वरातीमागून घोडं. पुढे ऑपरेशनसाठी आलेल्या बाईंच्या धाकट्या बहिणीला त्याच थिएटरच्या दारातून उपाशीपोटी परत पाठवलं, फिल्टरसाठी थिएटर बंद म्हणून, तेही दोनदा. बहीण नंतर बरी झाली. पण तिचा गार हात धरून त्या दाराबाहेर उभं राहणं बाईंच्या मनातून गेलं नाही.

आर्किटेक्टच्या टेबलावरच्या नकाशात यंत्र तसंच, छतातच होतं. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. तो वैतागला. माणूस वाईट नव्हता; कित्येक रविवार त्याने या टेबलाशी काढले होते. आता हे हलवायचं म्हणजे पहिल्यापासून मांडामांड, त्यापेक्षा बाईंनी नंतर शेरा लिहावा, असं त्याचं म्हणणं.

"आज ही भिंत खोडरबरानं हलते," बाई म्हणाल्या. "उद्या घण लागेल. आणि घण कुणी उचलत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

नंतरच्या तपासणीवर आपली सही मिळणार नाही, हेही त्यांनी शांतपणे सांगून टाकलं. मग डॉक्टरीणबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि आत्ता बदललं तर नुकसान कुणाचं, एवढंच विचारलं.

"माझ्या झोपेचं," आर्किटेक्ट म्हणाला, आणि त्यालाच हसू आलं.

त्याने खुर्ची पुढे ओढली. बाईंनी सुचवलेली जागा त्याने आधी खोडली. तिथून आवाज बाळंतिणींच्या खोल्यांत गेला असता. मग मागचा बोळ थोडा वळवून त्याने थिएटरच्या पाठीला वेगळी खोली काढली. तिचं दार बोळात उघडत होतं, आणि आत एकाच्या जागी दोन यंत्रं मावत होती. एक बंद केलं, तरी दुसरं चालू राहणार.

"हे मला सुचलं नसतं," बाई मोकळेपणाने म्हणाल्या. त्यावर त्याने उरलेले नकाशेही त्यांच्यापुढे सरकवले, आणि दुरुस्त केलेले कागद ठेकेदाराकडे जाण्याआधी स्वतःहून परत तपासायला पाठवले.

प्रमाणपत्र मिळालं, तपासणीचे गुण पूर्णच्या पूर्ण. बातमी द्यायला त्याचाच फोन आला. नव्या शाळेचं काम हाती आलं होतं. "अजून एक रेघही मारलेली नाही," तो म्हणाला. "कधी येताय?"

हॉस्पिटल सुरू झाल्यावर एका दुपारी बाई तिथे गेल्या. थिएटरमध्ये शस्त्रक्रिया चालू होती, आणि मागच्या खोलीत मेकॅनिक एका यंत्राचा फिल्टर बदलत होता. काळाठिक्कर पडलेला जुना फिल्टर पिशवीत घालून तो निघाला, तसं बाईंनी त्याच्यासाठी दार धरलं. समोरच्या बाकावर आतल्या पेशंटच्या घरची माणसं वाट बघत बसली होती. त्यांच्यातल्या कुणीही मान वर केली नाही.