माझ्या पोटातला दुसरा रंग

मी एक जुनी बाटली आहे, अंगठ्याएवढी, भुवयांच्या तपकिरी रंगाची. अकोल्याच्या जठारपेठेत संध्याताईंच्या पार्लरमध्ये माझी हयात गेली. मित्रांनो, पेन्सिलीने काढलेली भुवई पुसता येते. माझा रंग मात्र सुईने कातडीत उतरतो आणि वर्षानुवर्षं राहतो. म्हणून कारखान्यातच माझ्यावर रंगाचं नाव आणि त्यात काय काय आहे ते बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

ते माझ्या कौतुकाचे दिवस. रंग अंगाला सोसतो का ते बघायला संध्याताई नव्या बाईच्या कानामागे आधी एक ठिपका देत, महिनाभर थांबत, मगच भुवया भरत. "हे बाटली लई गुनाची हाय," असं त्या सांगत आणि मी फुगून जाई. गुण खरा त्यांच्या धीराचा होता.

पुढे माझ्यातला रंग संपला आणि तोच पुन्हा मिळेना. ताईंनी मिळताजुळता दुसरा आणला. माझ्या निमुळत्या तोंडातून थेंब मोजका पडतो, म्हणून तो त्यांनी माझ्यातच ओतला. चहाच्या डब्यात साखर भरतात, तितक्या सहज. त्याची स्वतःची बाटली खणात मागे गेली आणि मी जुन्या नावानेच मिरवत राहिले.

अशात तेल्हाऱ्याहून ज्योत्स्नाताई आल्या. त्या तिथे शाळेत शिकवतात. मोठ्या आजारपणात त्यांच्या भुवया गळल्या होत्या.

"पेन्सिल घामानं उतरते, पोरं पाह्यत रायतात," त्या म्हणाल्या. "मले घडीघडी रजा भेटत नाई. आजच करून द्या."

संध्याताईंची नजर त्यांच्या कानामागे गेली, तिथून माझ्याकडे आली. मग म्हणाल्या, "करून देतो. या बाटलीनं आजवर कोनाले काई झालं नाई."

कानामागे ठिपका न देताच त्यांनी भुवया भरल्या. आरशात बघून ज्योत्स्नाताईंचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तीन आठवड्यांनी त्या कपाळावरून ओढणी बांधून आल्या. भुवया लाल, सुजलेल्या, वर बारीक गाठी. रात्रंदिवस खाज. संध्याताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला पर्समध्ये टाकलं आणि दोघी त्वचेच्या डॉक्टर अवनी यांच्याकडे गेल्या.

डॉक्टरांनी माझ्यावरचं नाव भिंगातून वाचलं. "या रंगाने सहसा असं होत नाही. कारण दुसरंच काही असेल."

संध्याताईंनी नजर पर्सकडे वळवली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण बाटलीला कुठली वाचा?

ज्योत्स्नाताई खाली मान घालून म्हणाल्या, "मंग माही कातडीच खराब असन."

तेव्हा संध्याताईंना राहवलं नाही. "नाई ताई, तुमचं काईच खराब नाई. बाटलीवरचं नाव खोटं हाय. आत दुसरा रंग हाय, मीच भरला. ठिपका बी नाई देल्ला. त्याची बाटली खनात हाय, आताच आनतो."

त्या धावतच गेल्या. दुसऱ्या बाटलीवरचं वाचून डॉक्टरांना कारण कळलं. त्यांनी मलम दिलं, आणि तो रंग पुन्हा कधी अंगाला लागू नये म्हणून त्याचं नाव ज्योत्स्नाताईंच्या कागदावर ठळक लिहिलं. सूज उतरायला चार महिने लागले. दर खेपेला संध्याताई सोबत होत्या.

मित्रांनो, भांड्यात जे असेल तेच नाव त्याच्यावर राहू द्या. आणि चूक झालीच, तर ती लवकर सांगा. तुम्ही गप्प राहिलात, तर एखादी ज्योत्स्नाताई स्वतःलाच दोष देत घरी जाईल.