जीपच्या पोटाखालचा जुना पत्रा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पत्रा आहे. पत्रा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर घरावरचा, नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्यावरचा पत्रा आला असेल. तसला नव्हे मी! दगडधोंड्यांच्या वाटेवर इंजिनाचं तेलाचं भांडं फुटू नये म्हणून गाडीच्या पोटाला खालून जाड पत्रा आवळतात ना, तो मी. गाडी बघायला आलेला माणूस टायर बघतो, दिवे बघतो, हॉर्नसुद्धा वाजवून बघतो. खाली वाकून माझी चौकशी करणारा अजून जन्माला यायचा आहे.

माझा जन्म सोलापुरात, गैबीसाब मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये झाला. त्याआधी मी अकलूजकडच्या एका उसाच्या ट्रॉलीचा तळ होतो. ट्रॉली भंगारात निघाली, मिस्त्रींनी मला कापलं, तापवलं, ठोकून ठोकून वाकवलं. ट्रॉलीच्या बोल्टांची भोकं मात्र माझ्या अंगावर तशीच राहिली. चांगली रुपयाएवढी भोकं! मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ दे. खाली कोन बघतंय?" ते बोलणं मला लागलं ते लागलंच. तेव्हापासून मला त्या भोकांची लाज वाटायची.

जीप होती शिवलीलाबाईंची. त्या जनावरांच्या डॉक्टर. मैंदर्गीकडे कुणाची म्हैस अडली, सांगोल्याकडे मेंढरांना रोग आला की बाई निघाल्याच. वाट असो नसो, जीप ओढ्यात उतरायची, नांगरलेल्या रानातून जायची. आणि प्रत्येक दगड आधी मला भेटायचा. एकदा मैंदर्गीच्या ओढ्यात असा धोंडा बसला की मी मधोमध आत दबलो, पण भांड्याला ओरखडाही येऊ दिला नाही. मिस्त्रींनी खाली झोपून मला थाप मारली. "शाबास रे पठ्ठ्या!" त्या एका थापेवर मी कितीतरी वर्षं काढली.

पण मान कुणाला? बॉनेटला! खंडेनवमीला झेंडूचा हार बॉनेटला. बाईंच्या सासूबाई सुंदरम्मा तीन बोटं विभूतीत बुडवून पट्टे ओढायच्या, ते बॉनेटवर. मी खालून नुसत्या पाकळ्या पडताना बघायचो. बॉनेटने जन्मात एक दगड खाल्ला नव्हता, तरी त्याचा थाट बघा! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तरी बॉनेट परवडलं, असं म्हणायची वेळ पुढे आली. पोचे पडून पडून मी तेलाच्या भांड्याला टेकायला लागलो, आणि बाई, त्यांचे यजमान गुरू आणि मिस्त्री माझ्या जागी कोण आणायचा ते ठरवायला बसले. कुठे, माहीत आहे? माझ्यासमोर! मला खोलून भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि माझ्यादेखत ही बोलणी चालली होती.

गुरू म्हणाले, "मामू, चांगला जाड लोखंडी घाला. पुढच्या चाकापासून पार मागपर्यंत."

"लोखंड लई जड पडतंय साहेब," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या स्प्रिंगा बसतील, काळ्या रानात गाडीचं नाक रुतंल. ॲल्युमिनियमचा घ्या. हलका, आन् गंज न्हाय."

बाईंनी विचारलं, "पण ते मऊ असतंय की. दगडावर घासलं तर?"

"जाड घेऊ की मग. मीच करतो. आन् ह्या खेपेला एक बी भोक ठेवत न्हाय. त्या जुन्याकडं बघून मलाच लाज वाटती."

"तसाच करा मामू. चिखल नको आत जायला, धूळ नको."

मित्रांनो, माझ्याच मिस्त्रीने, मला ठोकलेल्याच हातोड्याने त्याला घडवला. आणि काय दिसत होता मेला! अंग आरशासारखं लख्ख, एक भोक नाही, एक डाग नाही. गाडीला लावायच्या आधी सुंदरम्मांनी त्याच्या अंगावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. मला एवढ्या वर्षांत एक बोटही लागलं नव्हतं. गुरूंना माझी कीव आली असावी. ते आईला म्हणाले, "अव्वा, ह्या जुन्याला पण लाव की."

"अय्यो, त्याला गटारावर टाकनार म्हनतोस ना? पायाखाली येनाऱ्याला इभूत लावत न्हाईत बाळा."

झालं. अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या घरासमोर गटार आहे. त्यावरची मधली फरशी फुटली होती, तिथे मला टाकलं. दोन्ही बाजूंच्या फरश्यांवरून जीपची चाकं जायची, मधून माणसं मला तुडवत जायची. तेही मी सोसलं असतं हो. पण जीप उभी राहायची ती नेमकी माझ्यावर! डोळे उघडले की वर तोच, त्या लख्ख अंगाचा, माझ्या जागेवर ऐटीत बसलेला. माझं भांडं त्याच्या कुशीत! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एक तरी ओरखडा दिसतोय का म्हणून मी रोज संध्याकाळी त्याला निरखायचो.

ओरखडा दिसला नाही, दुसरंच दिसलं. सुगी संपली होती. बाई कापलेल्या ज्वारीच्या रानांतून, वाळल्या गवतातून फिरत होत्या. त्या पत्र्याच्या पुढच्या फटीतून गवताच्या काड्या बाहेर डोकवायला लागल्या. दर दिवशी थोड्या जास्त. आत शिरलेलं गवत खाली पडायला वाटच नव्हती. वरच्या बाजूला तापलेला सायलेन्सरचा पाइप, हे मला पाठ होतं. पुढे काय होणार ते मला कळत होतं, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला होता. भर, म्हटलं, भर पोट. फार लख्ख आहेस ना? एकदा तुझी फजिती होऊ दे, मग मिस्त्रींना माझी आठवण येईल!

त्या दुपारी बाई मैंदर्गीकडून आल्या, जीप माझ्यावर उभी केली आणि हातपाय धुवायला आत गेल्या. सुंदरम्मा दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. वरून आधी वास आला, मग धूर. आली वेळ, म्हटलं! तेवढ्यात पुढच्या फटीतून एक जळती काडी माझ्या अंगावर पडली. वर बघतो तर आतला विस्तव तेलाच्या भांड्याकडे सरकत होता.

ज्या भांड्यासाठी मी ओढ्यात धोंडा खाल्ला होता, तेच ते भांडं! माझी सगळी ऐट, सगळी जळजळ कुठल्या कुठे पळाली. कुणीतरी या हो, म्हणून मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण पत्र्याचं ओरडणं ऐकतंय कोण? माझ्या अंगावर पडलेल्या काड्या तेवढ्या धुमसत राहिल्या.

"गुरूऽऽ!" सुंदरम्मा ओरडल्या. "गटारातनं धूर येऊलालाय बघ!"

"गटार कशाला पेटंल अव्वा?" गुरू हसतच बाहेर आले आणि मला बघायला खाली वाकले. वाकल्यावर त्यांची मान वर गेली. "अगं शिवलीला, पाणी आण! गाडी पेटली!"

बाई बादली घेऊनच धावल्या. गुरूंनी झाडांचा पाइप ओढून आणला. फसफस करत सगळं विझलं. एक वायर करपली, बाकी काही झालं नाही. बाई रिकामी बादली खाली ठेवत म्हणाल्या, "रानात असते एकटी, तर काय झालं असतं हो?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री घरी आले. नवा पत्रा खोलला तर पेंढीभर जळकं गवत खाली पडलं. त्यांनी ते हातात घेऊन बघितलं. मग म्हणाले, "जुन्यात भोकं होती म्हनून कचरा खाली गळत होता. आन् मी शहाणा, बंद करून बसलो. आना तो जुना हिकडं."

मला उचललं, धुतलं आणि नव्या पत्र्याच्या अंगावर ठेवलं. माझ्या एकेका भोकातून मिस्त्रींनी खडू फिरवला, आणि नव्याच्या लख्ख अंगावर गोल उमटले. तिथेच ड्रिल चाललं. ज्यांची आयुष्यभर लाज वाटली, ती माझी भोकं त्याला मिळाली. तुम्हाला वाटेल, आता तरी मी निवलो असेन. निवलो, घटकाभर. मग जास्तच जळलो. चकाकी त्याची होतीच, आता भोकंही त्याचीच!

आम्ही दोघे शेजारी पडलो होतो. सुंदरम्मा आल्या आणि दोघांच्याही अंगावर तीन तीन बोटं ओढली. "ह्यानंच दाखवलं की," माझ्याकडे बघून म्हणाल्या. माझा ऊर भरून आला. नवा पत्रा जीपला लागला. मग गुरूंनी मला गटारावर टाकायला उचललं.

"इभूत लावल्यालं पायाखाली टाकतोस व्हय?" सुंदरम्मा कडाडल्या.

म्हणून आता मी पोर्चच्या भिंतीवर आहे, खिळ्याला टांगलेला. दर सोमवारी मला विभूती मिळते. आल्यागेल्याला बाई माझी गोष्ट सांगतात. पण इथून मला दिसतं काय? बॉनेट! तेच ते बॉनेट! गटारावर माझ्या जागी नवी शहाबादी फरशी बसवली आहे. जीप सुरू झाली की माझी भोकं तिच्या डोक्यावरून जातात. त्यांत काडी अडकली आहे का, भांडं धड आहे का, सगळं तिला दिसतं. त्या दगडाला त्यातलं काय कळतंय? पण बघते ती, मी नाही.

मित्रांनो, गाडी धुवाल तेव्हा एकदा खाली वाकून पोटाखालीही बघा. जुन्या वस्तूला मान द्यावासा वाटला तर जरूर द्या. पण कुठे ठेवायचं ते ठरवताना तिच्या मनात काय असेल, याचाही थोडा विचार करा. मला कुणी विचारलं असतं, तर मी गटारच मागितलं असतं.