भिंतीपलीकडचा झोत

तिने पारदर्शक जेलने भरलेली नळी विभागप्रमुख साहेबांसमोर, उघड्या फायलीवरच ठेवली. विभागाची किरणोत्सर्ग-सुरक्षा तिच्याकडे होती.

"मोजा," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा वर सरकवला. बोटाएवढ्या नळीत बारीक बुडबुडे अडकले होते. कणांना प्रचंड वेग देणाऱ्या त्वरकातून निसटलेल्या न्यूट्रॉनच्या धडकेने जेलमध्ये उमटलेला बुडबुडा तिथंच राहतो.

"किती आहेत?"

"सत्तेचाळीस. त्वरकाला लागून असलेल्या वर्कशॉपच्या भिंतीपाशी, एका दिवसात. आपल्या मीटरच्या आकड्याप्रमाणे तीनसुद्धा व्हायला नकोत."

"मीटर प्रमाणित आहे, मॅडम. सर्टिफिकेट तुमच्याच कपाटात आहे."

"ते संथ धारेसाठी. आपला त्वरक धार सोडत नाही, फटके मारतो. एका फटक्यात शेकडो कण येतात. मीटर पहिला मोजतो, आणि बाकीचे निघून जाईपर्यंत डोळे मिटून बसतो. मारा जितका जास्त, तितका तो आंधळा, आणि आकडा तितकाच कमी."

साहेबांनी पेन्सिलीच्या टोकाने नळी बाजूला ढकलली.

"पुढच्या महिन्यात तपासणी आहे. आत्ताच कशाला राईचा पर्वत?"

तिने घरंगळणारी नळी झेलली.

"त्वरक आज बंद करा. नाहीतर हे मीच तपासणीसांना दाखवेन."

"चार वर्षांच्या अहवालांवर सही कोणाची आहे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"माझी. म्हणून तर आले."

साहेबांनी फोन उचलला. "बंद करा," एवढंच ते बोलले.

ती तशीच तणतणत खाली वर्कशॉपमध्ये गेली. भिंतीलगतच्या टेबलावर मामा कॉइल गुंडाळत होते. सगळा विभाग त्यांना मामाच म्हणायचा.

"मामा, त्वरक पुन्हा सुरू व्हायच्या आत टेबल इथून हलवायचं. इथं मारा फार आहे. साहेबांना तपासणीची पडलीय, माणसांची नाही."

मामांचा हात थांबला.

"इथं? पण ताई, मी आधी खिडकीपाशी बसायचो. तुम्ही दारावर मीटरच्या आकड्यांचा नकाशा लावलात ना, त्यात या जागेचा आकडा सगळ्यांत कमी होता. त्याचा फोटो सूनबाईला दाखवला, तर ती म्हणाली, बाबा, तिथंच बसा. म्हणून टेबल इकडे ओढलं."

"कधी?"

"चार वर्षं होतील."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. नकाशातले आकडे त्याच आंधळ्या मीटरचे होते; जिथं मारा सगळ्यांत जास्त, तिथंच त्याने सगळ्यांत कमी दाखवला होता. नळीभोवतीची तिची मूठ घट्ट झाली.

मामांनी तांब्याच्या तारेचं रीळ खाली ठेवलं, टेबलाची एक बाजू धरली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"कुठं न्यायचं, ते तुम्हीच सांगा."